रोहिणी कंडक्टरचे पाय

माझ्या पायांवर बोलायचा हक्क ह्या जगात सगळ्यांना हाय, फक्त मला सोडून.

कोल्हापूर-राधानगरी गाडीवर मी कंडक्टर. सोळा वर्षं झाली. गाडीत उभी ऱ्हाऊन मी वरडायची, "पावणं, पुढं सरका की, पुढं सगळी गाडी मोकळी हाय," की मागनं कुणीतरी दात काढत म्हणायचं, "बाई, आमी सरकतो, पर आदी तुमी वाट द्या." मग अख्खी गाडी हसायची. मी बी काय कमी न्हाई. "वाट पायजे तर खाली उतरून चालत या," म्हणायची आणि टण्णदिशी घंटी मारायची. हसणारे आपापल्या स्टॉपवर उतरून जायचे. पाय तेवढे माझ्यासंगं घरी यायचे.

पाय कसले, ते सांगते. कमरेपातूर मी चांगली सडसडीत. चेहरा लहान, हात बारीक, दंडात बांगडी सरकंल असे. आणि कमरेखाली दुसऱ्याच बाईचे पाय आणून जोडल्यागत. मांड्या, गुडघे, पोटऱ्या सगळं एकसारखं जाड, ते घोट्याला येऊन एकदम थांबायचं, आणि पावलं परत बारीक. कुणाच्या पिशवीचा कोपरा नुस्ता लागला तरी दुसऱ्या दिवशी निळा डाग. कुणी दाबलं तर डोळ्यात टचकन पाणी. आदितीच्या, माझ्या मुलीच्या वेळंला दिवस गेले तवापासनं तर लईच वाढलं.

आता घरचं सांगते, म्हंजे घोळ नको. आमी जैन. मला आत्तीच्याच घरात दिलेली. म्हंजे माझ्या वडलांची सख्खी बहीण अक्काताई, तीच माझी सासू, आणि तिचा मुलगा जिनेंद्र माझा नवरा. आमच्याकडं ह्यात नवल न्हाई. लहानपणापासनं तिला तू म्हणत आले, ते लग्नानंतरबी सुटलं न्हाई. आत्ती बहात्तरची हाय. घोट्यापातूर गोल पातळ, ताठ मान, आणि तोंडाचा पट्टा असा की आमच्या डेपोत भोंगा नसता तरी चाललं असतं.

माझ्या पायांबद्दल आत्तीचं मत एकच. मी चोरून खाते.

अगं, कवा खाऊ? अष्टमीला उपवास, चतुर्दशीला उपवास, दशलक्षण पर्वात दहा दिवस एक टायम जेवण. माझ्या ताटात किती भाकरी पडली ते मला आठवत नसंल, आत्तीला आठवतंय. आठ वर्षांमागं तिनं मला मुनी महाराजांकडं नेलं. वाटेत रिक्षात म्हणाली, "रात्रीचं तोंड बंद झालं की पाय आपोआप उतरत्यात, बघ." मी नियम घेतला. सूर्य मावळल्यापासनं उगवेपातूर अन्न न्हाई, पाणी न्हाई. संध्याकाळच्या फेरीला घसा कोरडा पडून आवाज फुटायचा न्हाई, तरी थेंब घेतला न्हाई. वर्षात आठ किलो उतरले. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली. पाय होते तितके होते. तवा आत्ती काय म्हणाली ठाऊक हाय? "मग डेपोत खात असशील."

त्या दिवशी माझ्या हातात पितळी तांब्या होता. फेकला न्हाई, हे माझे उपकार समजा.

एवढंबी चाललं असतं. पण गेल्या पावसाळ्यात राधानगरी स्टँडवर गाडीतनं उतरताना पाय उचललाच न्हाई. पायरीवरनं खाली आले ती सरळ गुडघ्यावर. चार माणसांनी धरून उठवलं, त्यातलाच एकजण कुजबुजला, "वजन बघा की." डेपोतले साहेब माणूस चांगले. म्हणाले, "रोहिणीताई, आता आफिसात टेबलाला बसा. गाडी झेपायची न्हाई तुमास्नी. मार्चपातूर बघू, पाय सुधारले तर ठीक, न्हाईतर बदल करू."

मला टेबल नको हुतं. घरात माझा आवाज आत्तीच्या खाली, चारचौघांत जिनेंद्रच्या मागं. गाडीत मात्र माझ्या घंटीशिवाय चाक फिरत न्हाई. ती गाडी गेली तर माझं असं काय उरतंय? आणि त्याच आठवड्यात मी बघितलं, आत्तीनं चौदा वर्षांच्या आदितीच्या ताटातली भाकरी मोडून निम्मी काढून घेतली. "मांड्या बघ पोरीच्या," म्हणाली, "आत्तापासनं आवरलं पायजे." पोरीनं मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आधी गेले ते चुकीच्या जागी. लायपोसक्शन, एका दिवसात बारीक, अशी पाटी बघून. आत सोफा, एसी, गुळगुळीत तोंडाचा माणूस. म्हणाला, पोट, मांड्या, पोटऱ्या, सगळीकडची चरबी एका बैठकीत काढू, आठ-धा लिटर, संध्याकाळी घरी. मी म्हटलं, "भूल कोण देणार?" म्हणाला, "मीच की." मी म्हटलं, "आमच्यात डायवर एकटा तिकिटं फाडायला लागला तर गाडी कोण बघणार?" आणि उठले. चप्पल घालेपातूर तो माणूस सवलत सांगत हुता.

मग मोठ्या दवाखान्यात डॉक्टर संघप्रिया भेटल्या. प्लास्टिक सर्जन. माझ्याहून धाएक वर्षांनी लहान. त्यांनी पाय बघितले, अंगठ्यानं हळूच दाबलं, घोट्याजवळ बोट फिरवलं, पावलं बघितली, आणि विचारलं, "उपाशी राहून किती वर्षं बघितलं?"

"इस वर्षं," मी म्हटलं.

"ह्याला लिपिडिमा म्हणतात, रोहिणीताई. आजार आहे. ही चरबी खाऊन आलेली नाही आणि उपाशी राहून जात नाही. तुमची ह्यात काही चूक नाही."

मी कंडक्टर बाई. दारुड्यांना कॉलर धरून उतरवलेली. त्या खुर्चीत बसून मी ढसाढसा रडले. इस वर्षांत हे वाक्य कुणी बोललंच नव्हतं.

रडून झाल्यावर मात्र मी त्यांना सोडलं न्हाई. कसं करता, काय करता, मरतंय का माणूस, सगळं इचारलं. त्यांनीबी इस्कटून सांगितलं. आधी मिठाच्या पाण्यात बधिर करायचं आणि रक्त कमी वाहावं म्हणून घालायचं औषध मिसळून ते पायात भरतात. पाय फुगून टणक होतो. मग तांदळाच्या दाण्याएवढ्या चिरा पाडून आत बारीक पोकळ नळी घालायची. ती मागंपुढं करत चरबी सैल करायची आणि यंत्रानं ओढून बाटलीत घ्यायची. "एका वेळी पाच लिटरच्या वर मी जात नाही," म्हणाल्या. "तुम्हाला तीनदा यावं लागेल. आधी पोटऱ्या, मग एकेक मांडी. नंतर महिनोन् महिने घट्ट मोजे. आणि हे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हे. दुखणं कमी होईल, चालणं सुधारेल. आजार मुळासकट जाईल असं मी लिहून देत नाही."

"धोका?"

"आहे. रक्ताची गुठळी होऊन फुफ्फुसात जाऊ शकते. चरबीचा कण रक्तात शिरू शकतो. बधिरतेचं औषध जास्त झालं तर हृदयावर येतं. जंतू होतात. अंगातलं पाणी वरखाली होतं, बीपी पडतं. म्हणून तपासण्या, म्हणून भुलेचे डॉक्टर वेगळे, म्हणून एक दिवस मुक्काम. माणसं दगावतात, खोटं सांगणार नाही. थोडी दगावतात, आणि बहुतेक करून घाईनं, एकदम जास्त काढल्यानं, सोय नसलेल्या ठिकाणी."

एवढं खरं बोलणाऱ्या बाईच्या हातात पाय द्यायला मला भ्या वाटलं न्हाई.

घरात मात्र भडका उडाला. आत्ती म्हणाली, "ही नटव्यांची थेरं. सेहेचाळीस वर्षांची घोडी, आता कुणाला दाखवायच्यात पोटऱ्या?" जिनेंद्र पेपरात तोंड घालून म्हणाला, "बघ बाबा, तुझं तू." मी म्हटलं, "माझं मीच बघतीया. पाय माझं हाईत, सुट्टी माझी हाय, सही मी केलीया. तुला पेपर वाचायचा तर वाच." तीन दिवस आत्ती बोलली न्हाई. चौथ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी ऱ्हायली. "मीबी येणार दवाखान्यात. तुझी आई न्हाई, मग कोण बसणार उशाला?" अशी हाय ती. जीव बी लावती आणि जीव बी घेती.

आता चूक कुठं झाली ते ऐका. दवाखान्याच्या फॉर्मवर सगळं हुतं. शुगर हाय का, बीपी हाय का, कुठलं औषध चालत न्हाई. सूर्य मावळल्यावर पाणी पिता का, असा रकाना कुठं नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, "आदल्या रात्री नीट जेवा, भरपूर पाणी प्या, बारानंतर काही नको." मी मान हलवली. नियम म्हंजे काय आजार हाय का, सांगायला? आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत दोन तांबे पाणी प्याले आणि तोंड मिटलं. मला वाटलं, झालं की.

सकाळी धाला आत नेलं. कमरेत सुई दिली, खालचा भाग माझा नव्हताच जणू. कायतरी खरवडल्यागत, ढकलल्यागत कळत हुतं, पण दुखत नव्हतं. मधी मान वळवून बाटली बघितली. पिवळी, लालसर चरबी. बघून मला शिसारी आली न्हाई, राग आला. ह्या बाटलीतल्या मालापायी मी इस वर्षं चोर ठरले!

दुपारी एकला बाहेर आणलं. पायाला घट्ट पट्ट्या, हाताला सलाईन. दुपारभर मळमळ. चारला शालन सिस्टरनं नारळपाणी पाजलं, ते तसंच उलटून पडलं. "राहू दे," म्हणाल्या, "सलाईन चालू आहे. जरा वेळानं पाणी प्या. सातला तुम्हाला चालवणार, गुठळी होऊ नये म्हणून." आणि दुसऱ्या खोलीत गेल्या.

थंडीचे दिवस. सहाला खिडकीतनं ऊन गेलं. आत्ती उठली, हात जोडले, णमोकार म्हटला. मग सलाईनच्या नळीकडं आली. नळीवर ते लहान चाक असतंय न्हवं, थेंब कमीजास्त करायचं? दुपारभर सिस्टर ते फिरवताना तिनं बघितलं हुतं. तिनं चाक खाली ओढलं. थेंब थांबला. नळीवरनं हात फिरवून म्हणाली, "सूर्य मावळला बाई. शिरेतनं गेलं म्हणून काय, अंगातच जातंय की. तुझा नियम मोडायला नको."

मी झोपले नव्हते. मी बघत हुते. आणि मी गप्प बसले! हेच मला आजपातूर सलतंय. आख्ख्या गाडीला गप्प करणारी मी, आठ वर्षांच्या सवयीनं तोंड मिटून पडले.

सातला सिस्टर आल्या. मला बसवलं, पाय खाली सोडले, उभं केलं. एक पाऊल टाकलं आणि भिंत तिरकी झाली. कानात शिट्टी. पुढचं मला ठाऊक न्हाई. डोळं उघडले तवा मी पलंगावर, पायाखाली उशा, शालन सिस्टर दंडाला पट्टा बांधून वरडत हुत्या, "बीपी सत्तर आलंय! आणि हे सलाईन कुणी बंद केलं?"

"मी," आत्ती म्हणाली. लपवायचं तिच्या रक्तात न्हाई.

डॉक्टर संघप्रिया पळत आल्या. सलाईन सोडलं, दुसरं लावलं, नाडी धरून उभ्या ऱ्हायल्या. मला विचारलं, "शेवटचं पाणी पोटात कधी राहिलं?"

"काल. सहाच्या आत."

त्यांचा चेहराच उतरला. पंचवीस तास. वर ऑपरेशन. हळूहळू बीपी वर आलं, नव्वद, शंभर. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. वरडल्या न्हाईत, तेच जास्त लागलं.

"अक्काताई, तुमच्या धर्मावर मी बोलणार नाही. रोहिणीताई, तुमच्याशी बोलते. गुठळी आणि बीपी, ज्या दोन गोष्टींना मी भीत होते, त्या दोन्हींना कोरडं अंग आमंत्रण देतं. आता आठ दिवस रात्रीसुद्धा पाणी प्यावं लागेल, गोळ्या घ्याव्या लागतील. जमत नसेल तर तसं सांगा. आज सलाईनवर निभावते. पण मांड्यांना मग मी हात लावणार नाही. तुम्हाला मारायला मी ऑपरेशन करत नाही."

म्हंजे निम्मे पाय करून घरी. म्हंजे मार्चला टेबल.

"ऱ्हाऊ द्या मांड्या," आत्ती म्हणाली. "महाराजांम्होरं घेतलेला नियम हाय. मोडला तर पाप तिला लागंल. मी हाय तोवर तिला पापात पडू द्यायची न्हाई."

तवा माझं तोंड उघडलं. अंगात ताकद नव्हती, पण आवाज कुठनं आला कुणास ठाऊक.

"आत्ती, तो नियम खोटा हुता. महाराजांचा दोष न्हाई. त्यांनी मला दोनदा इचारलं, आपल्या मनानं घेतीस का? मी व्हय म्हटलं. खोटं बोलले ती मी. देवासाठी घेतलाच न्हवता मी नियम. पाय उतरावेत म्हणून घेतला. तू मला चोर म्हणत हुतीस, ते बंद व्हावं म्हणून घेतला. आठ वर्षं तहानेनं तडफडले, ते धर्मासाठी न्हाई, तुझ्या तोंडासाठी! आणि आता आदितीची भाकरी मोडायला लागलीस? माझ्यावर भागलं न्हाई व्हय तुझं?"

आत्तीचं तोंड लालबुंद झालं. मला वाटलं मारती आता. "मी चोर म्हटलं?" ती वरडली. "मला काय म्हणत हुते ठाऊक हाय तुला? तुझा आजा, माझा बा, लगीन ठरंना म्हणून दोन वर्षं मला एका भाकरीवर ठेवलं हुतं. सासरला आले तर सासू कोठीघराला कुलूप घालायची. मी सोसलं न्हवं? मी मेले का? मग तू का सोसणार न्हाईस?"

आणि तिनं पातळ धरून गुडघ्याच्या वर उचललं.

मी जन्मात आत्तीचे पाय बघितले नव्हते. घोट्याच्या वरचं तिनं कुणाला दिसूच दिलं नव्हतं. माझेच पाय हुते ते. तसेच जाड, तसेच घोट्याला येऊन थांबलेले, पावलं तशीच बारीक, जागोजाग निळे डाग. फक्त सव्वीस वर्षांनी म्हातारे. बापाची बहीण ती, दुसरं काय असणार?

डॉक्टर संघप्रिया खुर्चीवरनं उठल्या आणि खाली फरशीवर बसल्या, आत्तीच्या पायांजवळ. अंगठा हळूच टेकवला. "दुखतं का हो, अक्काताई?"

पातळ मुठीत धरून ती तशीच उभी. मग एकदम लहान पोरीगत रडायला लागली. "लई दुखतंय," म्हणाली. "साठ वर्षं झाली. आजपातूर कुणी इचारलं न्हाई गं."

माझं काळीज पिळवटलं. कुठल्याबी सुनेचं पिळवटलं असतं, आणि मी तर तिची भाची. पण म्हणून मी नरमले न्हाई. तिनं सोसलं म्हणून मी सोसायचं, मी सोसलं म्हणून आदितीनं सोसायचं, आणि प्रत्येकीनं पुढचीच्या ताटातली भाकरी मोडायची, हे आता बास. कुठंतरी कुणीतरी घंटी मारून ही गाडी थांबवायलाच पायजे हुती.

"सिस्टर," मी म्हटलं, "पाणी द्या."

शालन सिस्टरनी आत्तीकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं, आणि पेला भरून माझ्या हातात दिला. आत्तीनं पदरानं डोळं पुसले. रागानं न्हाई, भ्यायलेल्या आवाजात म्हणाली, "रोहिणी, सूर्य मावळलाय गं."

"मावळू दे की," मी म्हटलं, आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवून सगळा पेला प्याले.